क्रूझच्या बेटावर एकच दिवस मिळतो, तो कसा घालवायचा

आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या भिशीत हल्ली दर महिन्याला एकीचं तरी अमेरिकेचं तिकीट निघालेलं असतं. कुणाची लेक बाळंत, कुणाच्या पोरानं नवीन घर घेतलंय, आणि तिथं पोचलं की पोरं म्हणतात आई चल, चार दिवस बहामाची क्रूझ करूया. मग इथं चर्चा सुरू, की बोटीवर साडी चालते का, शाकाहारी मिळतं का, आणि तिकिटात मधल्या एका दिवसापुढं प्रायव्हेट आयलंड असं लिहिलेलं असतं ते काय प्रकरण आहे. मी दोनदा जाऊन आले, पहिल्यांदा मे महिन्यात कोकोके नावाच्या बेटावर आणि नंतर एकदा डिसेंबरात हाफ मून के. पहिल्या वेळी जवळपास सगळं चुकलं, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी जमलं. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगून घसा दुखायला लागलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी ते बेट म्हणजे काय ते समजून घ्या, कारण मी पहिल्यांदा गोवा समजून उतरले होते. म्हणजे आपलं कसं असतं, पहाटे निघायचं, चोर्ला घाट उतरायचा, एक देऊळ, एक चर्च, दोन बीच, थोडी काजू खरेदी आणि रात्री जेवायला परत बेळगावात. तसं तिथं काहीच नाही, तिथं गावच नाही. बहामा हा देश म्हणजे साधारण 700 बेटं, शिवाय दोन हजारांवर लहान लहान बेटुकल्या, त्यातल्या काही क्रूझ कंपन्यांनी विकत नाहीतर भाडेपट्ट्यानं घेऊन फक्त आपल्या प्रवाशांसाठी सजवल्यात. ही आयडिया पहिल्यांदा नॉर्वेजियन नावाच्या क्रूझ कंपनीची, 1977 मध्ये त्यांनी ग्रेट स्टिरप के घेतलं. त्याच्या शेजारचं लिटल स्टिरप के रॉयल कॅरिबियनकडं, त्यालाच ते कोकोके म्हणतात, 2019 मध्ये 25 कोटी डॉलर घालून त्याचा पार कायापालट केलाय. डिस्नीचं कॅस्टअवे के आहे 1998 पासून. हाफ मून के म्हणजे मूळचं लिटल सॅन साल्व्हाडोर, हॉलंड अमेरिकानं 1996 ला घेतलेलं, कार्निव्हलच्या बोटीपण तिथं थांबतात. एमएससीचं ओशन के आहे, ते तर आधी वाळू उपसायचं ठिकाण होतं.

नावाच्या शेवटचं ते कुणी के म्हणतं कुणी की, बहामातली माणसं की म्हणतात. बेळगावच्या माणसाला की शिकवायला नको, आमचं प्रत्येक दुसरं वाक्य की वरच संपतंय की.

तर मुद्दा असा की तिथं रिक्षा नाही, बाजारपेठ नाही, बघायचे पॉइंट नाहीत. समुद्र, वाळू, खुर्च्या, खाणं, आणि पैसे मोजले तर आणखी बऱ्याच गमती. आपल्याला टेम्पो ट्रॅव्हलरमधून एका दिवसात सात पॉइंट उरकायची सवय असते, ती सवय बोटीवरच सोडून उतरायचं. आम्ही पहिल्या वेळी अख्खं बेट बघायचंच म्हणून दुपारपर्यंत उन्हात फिरत राहिलो, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि चार वाजता परत बोटीत. माझे पाय पाण्यात एकूण वीस मिनिटं गेले असतील. हातात सात-आठ तास असतात, सकाळी सात-आठला बोट लागते आणि चार-पाचला निघते. एक चांगली जागा धरायची आणि सुम्नं, म्हणजे गप्प, बसायचं. बाकी पुढं जे लिहिते ते सगळं त्या बसण्याची तयारी आहे असं समजा.

बुकिंगच्या वेळी बघायच्या गोष्टी

सगळ्यात आधी व्हिसा. बेटावर कुणी पासपोर्ट मागत नाही त्यामुळं आपल्याला वाटतं हे अमेरिकेतल्या अमेरिकेतच आहे, पण तो दुसरा देश आहे, आणि परत येताना तुम्ही अमेरिकेत नव्यानं शिरता. म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच पाहिजे. आपल्याला बहुतेक 10 वर्षांचा तसाच मिळतो, तरी पासपोर्ट उघडून स्वतःच्या डोळ्यानं बघा, आणि बहामासाठी काय लागतं ते त्या वेळच्या नियमाप्रमाणं पोराला कंपनीकडं लेखी विचारायला लावा. पोरांचं व्हिसाचं वेगळं असतं, त्यांचा पासपोर्टवरचा शिक्का संपला असला तर ते आणखी किचकट, त्यांनी त्यांचं बघावं.

दुसरं, बोट बेटाच्या धक्क्याला लागते की लांब उभी राहून छोट्या बोटीतून नेतात. ह्या छोट्या बोटीला ते टेंडर म्हणतात. आमचे हे पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले, सकाळी भोंग्यावर टेंडर टेंडर ऐकून उठून बसले. कोकोकेला धक्का आहे, सरळ चालत उतरायचं. हाफ मूनला आम्ही गेलो तेव्हा टेंडरनंच नेलं. ज्यांना चोर्ला घाटात उलटी होते त्यांनी हे आधी विचारून घ्या, आणि अ‍ॅव्होमिन किंवा डॉक्टर देतील ती गोळी निघायच्या एक-दोन तास आधी घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर धक्क्यावालं बेटच निवडा असं माझं मत. टेंडरमध्ये चढताना बोट खालीवर होत असते, दोन्ही बाजूनं माणसं हात धरतात पण पाय आपला आपणच टाकावा लागतो.

तिसरं, हवा. 1 जून ते 30 नोव्हेंबर वादळांचा सीझन, आणि डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तरेकडून गार वारं सुटलं की बोट बेटाला लागूच शकत नाही, मग कॅप्टन भोंग्यावर सॉरी म्हणतो आणि तो दिवस समुद्रातच जातो. धक्का असला तरी हे होतं. त्या थांब्याचे कर-फी असतात तेवढे खात्यात परत येतात, बाकी काही नाही. म्हणून फक्त बेटासाठी क्रूझ घेतली असं करू नका. आणि थंडीत समुद्र गार असतो, 23-24 डिग्री. ऐकायला बरं वाटतं पण गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्याला कमरेपर्यंत जाताना तोंडातून आवाज निघतो. मे-जूनमध्ये पाणी एकदम छान, पण ऊन काय असतं ते पुढं सांगते.

पैसे कशाला मोजायचे

ह्यावर घरात भांडण होतं म्हणून आधीच ठरवा. फुकट काय असतं? समुद्र, आरामखुर्च्या, साधं जेवण, पाणी, लहान मुलांची लाइफ जॅकेटं, आणि कोकोकेला मोठ्या छत्र्या, बेटावरची ट्राम आणि एक भला मोठा गोड्या पाण्याचा स्विमिंग पूल, बहामातला सगळ्यात मोठा म्हणतात. हाफ मूनला खुर्ची फुकट पण सावलीचे पैसे होते, हे आम्हाला वाळूवर गेल्यावर कळलं. पैसे लागतात ते वॉटर पार्क, कबाना म्हणजे पडदेवाली खोपी, स्नॉर्केलिंगचं म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायचं सामान, जेट स्की, हाफ मूनला घोड्यावर बसून समुद्रात जायचं असलं तर ते.

कोकोकेच्या वॉटर पार्कमध्ये एक घसरगुंडी 135 फूट उंच आहे. आपला गोकाकचा धबधबा 171 फूट, म्हणजे अंदाज करा कुठून खाली यायचंय. नातू दहा-बाराचा असेल आणि त्याला भीती माहीत नसेल तर तिकीट वसूल होतं, आणि ते तिकीट बोटीवर चढायच्या आधीच ऑनलाइन घ्या, तारखेप्रमाणं भाव बदलतो आणि आधी घेतलेलं सहसा स्वस्त पडतं. बऱ्याच घसरगुंड्यांना उंचीची अट असते, पोराची उंची घरीच मोजून न्या नाहीतर तिथं रडारड. आपल्यासारख्या पन्नाशी-साठीतल्यांनी तिकीट काढून नुसतं नातवाची चप्पल धरून उभं राहण्यात अर्थ नाही. कबानाचं म्हणाल तर दोन कुटुंबं मिळून आठजण असाल, बरोबर म्हातारी माणसं असतील, तर विचार करा, नाहीतर छत्रीखाली तीच वाळू आणि तोच वारा.

आदल्या रात्रीची तयारी

बोटीवर रोजच्या दिवसाचा कागद नाहीतर अ‍ॅप असतं, त्यातून तीन वेळा लिहून घ्या: उतरायला कधी सुरुवात, परतीची शेवटची टेंडर कधी, आणि सगळ्यांनी बोटीवर कधी असायला पाहिजे. ही शेवटची वेळ बोट सुटायच्या अर्धा तास तरी आधीची असते, सुटायची वेळ बघून चालू नका. टॉवेल बोटीवरूनच घ्यायचे, तुमच्या कार्डावर मोजून देतात, हरवला तर पैसे लावतात.

पिशवीत काय? बोटीचं कार्ड, एखादं फोटोवालं आयडी, पाण्याची बाटली भरून, सनस्क्रीन, रुंद काठाची टोपी, गॉगल, रोजच्या गोळ्या, ओले कपडे टाकायला एक साधी प्लास्टिक पिशवी, आणि थोडे सुटे डॉलर. पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा. बेटावर सगळं कार्डावरच चालतं, सुटे डॉलर कशाला तर कोकोकेसारख्या ठिकाणी बहामातल्या लोकांची विणलेल्या टोपल्या-टोप्यांची छोटी दुकानं असतात तिथं. बहामियन डॉलर आणि अमेरिकन डॉलर एकास एक चालतो, त्यामुळं गणित करायला नको.

दागिने. हे जरा नीट वाचा. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते, वर सनस्क्रीननं हात निसरडे झालेले असतात. माझ्या जाऊबाई निपाणीच्या, पंचवीस वर्षं बोटातून न निघालेली अंगठी, साबण लावून पण निघायची नाही म्हणून कौतुकानं सांगायच्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हात हलवून आम्हाला बोलवत होत्या आणि त्या हलवण्यातच अंगठी गेली. पाणी इतकं स्वच्छ की आम्हाला वाटलं लगेच दिसेल, पण पांढऱ्या वाळूत लाटेबरोबर दोन मिनिटात काय राहतंय. सगळेजण वाकून तासभर वाळू चाळत होतो, बाजूचे दोन गोरे पण चाळायला आले, मिळाली नाही. मंगळसूत्र, अंगठ्या, पाटल्या सगळं तिजोरीत. रिकामा गळा बरा वाटत नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत घाला.

आणि कपडे. पाण्यात जायचं असेल तर कॉटनचा पंजाबी ड्रेस नको. तो पाणी पितो, जड होतो, पायात गुंडाळतो, आणि नंतर वाळू घेऊन अंगाला चिकटून बसतो, मी पहिल्या वेळी तशीच दोन तास बसले होते. आपल्याकडं स्विमिंग टँकवर बायका तो नायलॉनचा फुल ड्रेस घालतात की, लांब बाह्या आणि गुडघ्याखाली पँट, तोच घ्यायचा. इथूनच घेऊन जा. सगळं अंग झाकलं जातं, ऊन लागत नाही, लगेच वाळतो आणि तिथं कुणी बघत पण नाही, कुणी काय घातलंय ह्याच्याशी कुणाला घेणं नसतं. वॉटर पार्कला चेन नाहीतर धातूची बटणं असलेले कपडे चालत नाहीत. पायात चपला अशा घ्या ज्या भिजल्या तरी चालतील.

सकाळ

लवकर उठा हे मी सांगायला नको, आपल्याकडं साडेपाचला जाग येतेच. सातला नाश्ता उरकून पहिल्या तासात उतरायचं. दहानंतर उतरणारे हजारोंनी असतात, मोठ्या बोटीवर पाच-सहा हजार माणसं असतात आणि कधी कधी दोन बोटी एकदम लागतात. टेंडरवाल्या बेटाला आदल्या दिवशी नंबर घ्यायचा असतो का ते विचारून ठेवा.

उतरल्यावर पहिली वाळू दिसली की तिथंच टॉवेल टाकणारे निम्मे असतात. तुम्ही तिथं थांबू नका. कोकोकेला ट्राम पकडून चिल आयलंड नाहीतर साऊथ बीचकडं जा, मोठ्या पूलजवळ डीजे असतो, आपल्याकडच्या गणपतीच्या मिरवणुकीसारखा, त्यातून लांब. हाफ मूनचा किनारा चंद्रकोरीसारखा लांबच लांब आहे, टेंडर एका टोकाला सोडते, दहा मिनिटं चालत गेलं की गर्दी संपते. जागा धरताना तीन गोष्टी बघायच्या: सावली दुपारी पण राहील का, टॉयलेट किती लांब, आणि खायचं कुठं मिळतं. समुद्राला अगदी लागून पहिली रांग मिळाली म्हणून खूश होऊ नका, दुपारी तिथंच जास्त ये-जा असते.

ऊन, म्हणजे खरा धडा

आपली समजूत अशी की आपण सावळी माणसं, आपल्याला कसलं सनबर्न, ते गोऱ्यांचं काम. त्यात मे महिन्यात बेळगावात पण वळीव येऊन जातो, हवा गार, कडक उन्हाची सवय आपल्याला तशी कमीच. तिथं वारा सतत असतो म्हणून ऊन लागतंय हे कळत नाही, आणि वाळू पांढरी, शंखशिंपले आणि चुन्याच्या कणांची. ती आपल्या काळ्या-तांबूस वाळूसारखी तापत नाही, अनवाणी चालता येतं, पण ऊन आरशासारखं खालून वर मारते. म्हणजे छत्रीत बसलं तरी लागतंय.

आमच्या ह्यांनी सनस्क्रीन नको म्हणून घरून आणलेलं खोबरेल तेल पाठीला चोपडलं आणि बनियन काढून बसले. खोबरेल तेलानं ऊन अडत नाही हो, उलट तळायला ठेवल्यासारखं झालं. संध्याकाळी पाठ तांबडी, रात्री पालथं झोपून कण्हणं, तिसऱ्या दिवशी कातडीचे पापुद्रे. आणि माझं काय झालं तर सगळीकडं नीट सनस्क्रीन लावलं, टोपी मात्र केस ओले म्हणून काढून ठेवली, आणि भांग भाजला. होय, भांग. केसांच्या मधली ती रेघ. आठवडाभर कंगवा लावता येईना, कुंकू भरताना डोळ्यात पाणी. दुसरी विसरायची जागा म्हणजे पावलांची वरची बाजू आणि कानाच्या पाळ्या.

तर एसपीएफ 50 चं सनस्क्रीन, उतरायच्या वीस मिनिटं आधी खोलीतच लावायचं, दर दोन तासांनी परत, पाण्यातून आलं की परत. झिंक ऑक्साइडवालं घेतलं तर समुद्रातल्या प्रवाळाला त्रास कमी, चेहरा जरा पांढराफटक दिसतो पण फोटोत काय, सगळेच तसे. अकरा ते दोन सावलीत बसा, जेवा, झोप काढा. ढग आले म्हणून टोपी काढू नका.

पाण्यात

इथलं पाणी शांत दिसतं म्हणून धाडस करू नका. आपल्यातले बरेचजण विहिरीत नाहीतर गोवावेसच्या टँकमध्ये पोहायला शिकलेले, तिथं काठ हाताशी असतो. शिवाय पाणी काचेसारखं असलं की तळ जवळ वाटतो आणि पाऊल टाकल्यावर छातीपर्यंत जातं. पोहता येत नसेल तर कंबरेच्या पुढं जाऊ नका, लाइफ जॅकेट मागून घ्या, मोठ्यांना पण मिळतं, लाजायचं काय त्यात. झेंडे बघा: हिरवा ठीक, पिवळा जपून, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे पाण्यात जेलीफिशसारखं काहीतरी आहे. लाइफगार्ड शिट्टी मारतो ती तुम्हालाच मारतोय असं समजून मागं वळा.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला. वाळूत कधी कधी स्टिंगरे म्हणजे पाकट मासा लपलेला असतो, पाय घासत गेलं की त्याला कळतं आणि तो निघून जातो, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. चांदणीमासा दिसला तर बघा, उचलून फोटो काढायला पाण्याबाहेर धरू नका. जिवंत शंख आणायचा तर विचारच नको.

खाणं

सकाळी साडेअकरापासून जेवण सुरू होतं, बाराच्या आधी जा, साडेबाराला लाइन मारुतीच्या देवळात शनिवारी असते तशी. शाकाहारी माणसाचं जमतं पण थोडं आधी बोलून ठेवायला पाहिजे. आदल्या रात्री बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्ये हेड वेटरला सांगा की उद्या बेटावर आम्ही चौघं शाकाहारी, अंडं पण नाही, काय मिळेल. वेज बर्गर मागितल्यावर करून देतात, नाहीतर फ्राइज, सॅलड, टाको, फळं आणि कुकी असतं. बर्गर ज्या तव्यावर मांस भाजतात त्यावरच भाजतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी फळं-ब्रेडवर दिवस काढायची तयारी ठेवा आणि बोटीवर परत येऊन जेवा, बोटीवरच्या बुफेला त्या दिवशी गर्दीच नसते.

घरचा डबा बोटीवर चढवूच देत नाहीत. जाऊबाईंनी चार दिवस खपून केलेली शेंगदाणा चटणी बंदरावरच ठेवावी लागली. कंपनीचं सीलबंद पाकीट मात्र चालतं, भडंगाचं पाकीट आरामात गेलं. त्या भडंगावर थोडा कांदा आणि लिंबू बर्गरच्या काउंटरवरून मागून घेतलं आणि बहामात वाळूवर बसून खाल्लं, ते जेवण सगळ्यात भारी झालं. सील तोडलेलं उरलं तर त्याच दिवशी संपवा. पाणी सतत प्या. दारूचं ज्याचं त्यानं बघावं, फक्त घेऊन पाण्यात जाऊ नका, आणि पॅकेज बेटावर लागू आहे का ते कंपनीप्रमाणं बदलतं.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर

वाळूत चालणारी मोठ्या फुग्यासारख्या चाकांची व्हीलचेअर बऱ्याच बेटांवर फुकट मिळते, पण थोड्याच असतात आणि आधी येणाऱ्याला पहिली, म्हणून एकानं पुढं धावत जायचं. सासूबाईंना आम्ही अशी पाण्याच्या काठापर्यंत नेली, त्यांनी पायावर लाट घेतली, ओंजळीत पाणी घेऊन सूर्याला वाहिलं आणि म्हणाल्या बस, आता मला सावलीत ठेवा आणि तुम्ही काय ते नाचा. बरोबरच्यांनी पाळ्या लावा, एकानं बसायचं दोघांनी जायचं. बेटावर फर्स्ट एड असतो, त्यापलीकडं बोटीवरचा डॉक्टर, आणि त्याचं बिल बघून बीपी वाढतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना क्रूझ धरलीय का ते विचारा.

फोन

बोटीवर पाय ठेवला की फोन एअरप्लेन मोडवर, बेटावर पण तसाच. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटतो आणि नुसतं गुड मॉर्निंगचे फोटो उतरवून घेण्यात आमचे हजारो रुपये गेले होते. वायफायचं पॅकेज घेतलं असेल तर ते बेटावर चालतं का विचारा. फोटो काढा, स्टेटस परत आल्यावर टाका, बेळगाव कुठं पळून जात नाही.

परत जाताना

दुपारी दोननंतर निम्मी माणसं ऊन लागून कंटाळून बोटीवर परततात, आणि दोन ते साडेतीन हाच वेळ खरा सुंदर. खुर्च्या रिकाम्या, पाणी रिकामं, ऊन उतरलेलं. सकाळी लवकर आणि दुपारी उशिरा पाण्यात, मधे सावली, असा दिवस पाडा. शेवटच्या अर्ध्या तासात मात्र परत एकदम गर्दी उसळते, म्हणून शेवटच्या वेळेच्या पाऊण तास आधी आवरायला घ्या. बोट थांबेल ह्या भरवशावर राहू नका, आणि तिथं मुक्कामाला हॉटेल पण नाही.

वेळ बोटीच्या घड्याळाचीच धरा. आमच्या ह्यांचं जुनं एचएमटी, ते अमेरिकेत पण इकडच्या वेळेवरच ठेवतात, म्हणजे गावाकडं फोन करायला बरं. मागं उन्हाळ्यात गेलो तेव्हा साडेनऊ तास वजा करायचे हे त्यांनी पाठ केलं होतं. थंडीत तिकडं घड्याळं तासभर मागं घेतात, म्हणजे साडेदहा वजा करायचे, हे डोक्यात नाही. हाफ मूनला सव्वादोन वाजले होते आणि हे किनाऱ्यावर उभं राहून ओरडतायत सव्वातीन झाले, टेंडर जाईल, चला चला. ओल्या कपड्यात, वाळूच्या पायांनी, सासूबाईंची खुर्ची ढकलत आम्ही सगळे धापा टाकत धक्क्यावर. तिथं कुणीच नाही. एक कामगार दोरी गुंडाळत बसला होता, त्यानं आमच्याकडं बघून स्वतःचं घड्याळ दाखवलं. तो सगळ्यात सुंदर तास असा गेला.

वाळूचे पाय धक्क्याजवळच्या नळावर धुवा, आत गेल्यावर टॉवेल मोजून परत करा आणि कार्डावर नोंद झाली का ते तिथंच विचारा. रात्री खोलीतल्या टीव्हीवर नाहीतर अ‍ॅपवर खात्याचा हिशोब उघडून बघा, आमच्या खात्यात न घेतलेल्या दोन स्नॉर्केलचे पैसे लागले होते, त्याच रात्री काउंटरवर जाऊन सांगितलं तर लगेच काढून टाकले, बोट सोडल्यावर त्यासाठी ईमेल करत बसावं लागलं असतं. आणि पिशवीत बेटावरचं फळ राहिलं असेल तर खाऊन टाका, सकाळी अमेरिकेच्या कस्टमला ते चालत नाही.

साडीचं राहिलंच. बेटावर नको, पण त्या रात्री जेवायला नेसा, इरकल नेसून गेले होते मी, टेबलावरच्या तिघीचौघी काठ बघायला उठून आल्या.